धनुष्यबाण घेऊन परदेशी शिकारीला: परवाना शोधत बसू नका, बिल शोधा

बेळगाव, निपाणी, खानापूर भागातले धनुर्धर पूर्वी फक्त स्पर्धेसाठी बाहेर पडायचे. आता कुणाचा मेहुणा टेक्सासला असतो, कुणाला दक्षिण आफ्रिकेतल्या शिकारीचं पॅकेज मिळतं, आणि स्वतःचा कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) सोबत न्यायचा असतो. मग सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: “धनुष्याचं लायसन कुठं काढायचं ओ?”

कुठंही नाही. साध्या धनुष्याला बंदुकीसारखा शस्त्रपरवाना लागत नाही, त्यामुळे तो देणारं टेबलही नाही. तरी लोक पोलीस ठाण्यात जातात. तिथून “एनओसी आणा” म्हणून दुसरीकडे पाठवतात, दुसरीकडचे “हे आमच्याकडं येत नाही” म्हणून परत पाठवतात. नाही असं लिहून द्यायलाही कुणी तयार नसतं. या खेपांमध्ये जे दिवस जातात, त्यात खरी लागणारी कागदपत्रं निवांत जमली असती.

परवाना नाही म्हणजे धनुष्य खेळणं ठरत नाही, हेही लक्षात घ्या. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये ‘शस्त्र’ कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे आणि तिच्यात धनुष्यबाण स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. आपल्या भागात हे पुस्तकी कलम नाही. गोव्याहून विमान असेल तर बरेच जण गाडीत धनुष्याची केस (पेटी) टाकून अनमोडचा घाट उतरतात, आणि तो रस्ता मोलेमला भगवान महावीर अभयारण्यातून जातो. चोर्ल्याकडून गेलात तर पलीकडे म्हादई अभयारण्य. वन तपासणी नाक्यावर डिकी उघडायला लावली आणि आत रुंद पात्यांची शिकारी टोकं लावलेले बाण निघाले, तर “साहेब, आम्ही अमेरिकेला चाललोय” हे वाक्य कितीही खरं असलं तरी ऐकायला बरं वाटत नाही. गोव्याचा मोपा विमानतळ गाठायचा असेल तर आंबोली-सावंतवाडीकडून जा. थोडा वळसा पडेल. शक्य असेल तर सरळ मुंबई किंवा बंगळूर धरा.

आता विमान कंपनी. धनुष्य, बाण, सुटी टोकं यातलं काहीही हातातल्या बॅगेत चालत नाही. सगळं चेक-इन सामानात. रिलीज एड (दोरी सोडायचा खटका) आणि अॅलन की (षटकोनी पाना) हेसुद्धा तिकडेच टाका, सुरक्षा तपासणीत त्या छोट्या वस्तूंवरून उगाच वाद होतो. कंपनीला आधी कळवून त्यांचं लेखी उत्तर घ्यायचं. फोनवर “हो सर, चालतं” म्हणणारी व्यक्ती काउंटरवर तुमच्या शेजारी उभी नसते. ईमेलमध्ये धनुष्याचा प्रकार, केसची लांबी-रुंदी-उंची, वजन आणि बाणांची संख्या लिहा, आलेल्या उत्तराची छापील प्रत काढा. ४८ किंवा ७२ तास आधी कळवा अशी अट दिसली की लोक ते शेवटच्या मोठ्या विमानापासून मोजतात. ते तिकिटावरच्या पहिल्या उड्डाणापासून मोजा, आणि मध्ये शनिवार-रविवार येत असेल तर ते दोन दिवस धरूच नका.

स्वस्त पडतं म्हणून सांबरा (बेळगावचा विमानतळ) ते बंगळूर किंवा मुंबई वेगळं तिकीट आणि पुढचं वेगळं, असं करणारे सगळ्यात जास्त अडकतात. मोठ्या तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा असतील. देशांतर्गत सुट्या तिकिटावर मात्र बहुतेक १५ किलोच. एक चांगली टणक केस रिकामीच पाच-सहा किलो भरते. वर जादा वजनाचे पैसे, शिवाय पहिलं विमान लांबलं तर पुढची कंपनी वाट बघायला बांधील नाही. आणि एका नगाचं वजन ३२ किलोच्या वर गेलं तर पैसे मोजूनही घेत नाहीत. लांबीचं म्हणाल तर तीनही बाजूंची बेरीज साधारण १५८ सेंटिमीटरच्या आत ठेवायची असते. सुटा होणारा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) सहज बसतो, कंपाउंड जेमतेम, आणि अखंड लाकडी लाँगबो अजिबात नाही. तो न्यायचाच असेल तर सांबऱ्याहून सुटणारं विमान लहान आहे का हे बुकिंगआधी बघा. त्याच्या सामानकप्प्याचं दारही लहान असतं.

कस्टमचा कागद हा या सगळ्यातला खरा काटा. परत येताना “हे तिकडे विकत घेतलं, ड्युटी भरा” असं कुणी म्हणू नये म्हणून जातानाच निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं असतं: वस्तू माझी आहे, इथून नेतोय, परत आणणार आहे, असं. कस्टमचा अधिकारी वस्तू बघून, अनुक्रमांक लिहून ते देतो. बघून देतो, यातच घोळ आहे. धनुष्य चेक-इन सामानात, आणि लोक कस्टमचं टेबल शोधतात इमिग्रेशनच्या वेळी. तोवर केस पट्ट्यावरून कधीच गेलेली असते. सांबऱ्याला सामानावर थेट परदेशापर्यंतचा टॅग लावून घेतलात तर बंगळूरला ती तुमच्या हातातच येत नाही. म्हणून सांबऱ्याच्या काउंटरवर सांगायचं, टॅग फक्त बंगळूरपर्यंत लावा. तिथे केस उतरवून घ्यायची, आधी कस्टम, मग पुन्हा चेक-इन. यासाठी दोन विमानांत भरपूर वेळ लागतो. तेवढा नसेल तर आदल्या दिवशी रेल्वेने किंवा रात्रीच्या बसने बंगळूर गाठलेलं बरं.

त्या टेबलावर पहिलं काय मागतील? बिल. आणि तेच कुणाकडे नसतं. आपल्याकडे निम्मी धनुष्यं क्लबातल्या सीनियरकडून रोख पैसे देऊन घेतलेली. दुकानातून घेतलं असेल तर दुकानदाराकडून डुप्लिकेट बिल मागा, जीएसटी बिलाची नोंद त्याच्याकडे असते. जुनं घेतलं असेल तर विकणाऱ्याकडून सहीचं विक्रीपत्र घ्या, त्यावर मेक, मॉडेल, अनुक्रमांक, रक्कम आणि तारीख, सोबत त्याच्या मूळ बिलाची प्रत मिळाली तर सोन्याहून पिवळं. विक्रीपत्र मानलं जाईलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही, पण रिकाम्या हातांनी जाण्यापेक्षा बरं. अनुक्रमांकाचा जवळून फोटो घरीच काढून ठेवा. काउंटरवर फोम उपसून टॉर्चच्या उजेडात तो आकडा शोधणारे काका बघवत नाहीत.

नावाचा घोळ इथेच निस्तरा. पासपोर्टवर पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दुकानाच्या बिलावर मात्र कर्नाटकी पद्धतीने ‘पाटील आर. एम.’. एका कागदावर बेळगाम, दुसऱ्यावर बेळगावी, कारण शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं आणि आपले कागद अर्धे त्याआधीचे. गावाच्या नावावरून सहसा कुणी अडवत नाही, व्यक्तीच्या नावावरून अडवतात. बिल पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घ्या. आणि संघटनेचं किंवा क्लबचं पत्र कन्नडमध्ये असेल तर इंग्रजीत घ्या. मराठीतलं असेल तरी तेच. त्या टेबलावर बसलेल्या माणसाला आपला सीमाप्रश्न सोडवायचा नसतो.

शिकारीची पात्रता हा वेगळा विषय, आणि तिथेही एक असा कागद आहे जो आपल्यापैकी कुणाकडेच नसतो: शिकारी शिक्षणाचं प्रमाणपत्र. भारतात शिकारच बंद, मग ते येणार कुठून? तुमच्या प्रशिक्षकाचं पत्र किंवा राज्यस्तरीय पदक तिथे चालत नाही. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हा कोर्स लागतो. १७ वर्षं आणि त्यावरच्यांना तो ऑनलाइन करता येतो, म्हणजे टिळकवाडीत बसून होतो. त्याशिवाय शिकारीचा परवाना आणि धनुष्याच्या हंगामासाठी त्यावर वेगळी धनुष्य-मान्यता. न्यूयॉर्क राज्यात धनुष्यासाठी स्वतंत्र कोर्स मागतात. प्रत्येक राज्याचं वेगळं, तेव्हा मेहुण्याच्या शेजाऱ्याचं न ऐकता त्या राज्याच्या वन्यजीव खात्याची सूचना वाचा. आणि वाचताना तारीख नीट वाचा: अमेरिकेत महिना आधी, दिवस नंतर. ०३/०४ म्हणजे ४ मार्च. तीन एप्रिल समजून निवांत बसलेल्यांचा अर्ज महिनाभर आधीच बाद झालेला असतो, आणि फी भरायला गेल्यावरच ते कळतं.

दक्षिण आफ्रिकेत धनुष्याला आयात परवाना लागत नाही, पण परदेशी माणसाला परवानाधारक आउटफिटर (शिकारीची सोय करणारा) आणि व्यावसायिक शिकारी यांच्याबरोबरच शिकार करावी लागते. त्यांचं निमंत्रणपत्र फाइलमध्ये हवं. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे स्वस्त तिकीट असेल आणि तिथे १२ तासांपेक्षा जास्त थांबा असेल, तर पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात. ते लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं. निघायच्या आदल्या आठवड्यात टोचून घेऊन उपयोग नाही. ब्रिटन आणि जर्मनीत धनुष्याने शिकार करायला मुळात बंदीच आहे, तिथे नातेवाईक असले तरी केस घरी ठेवा. न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी बुटाच्या तळाला चिकटलेली माती घासून काढा. लाकडी बाण आणि खऱ्या पिसांचे फ्लेच (बाणाच्या शेपटाची पिसं) उतरण्याच्या फॉर्मवर जाहीर करा, लपवले तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड.

पॅकिंग तसं सोपं आहे, फक्त घाईत करू नका. शिकारी पाती बाणावरून उतरवून फिरकीच्या झाकणाच्या टणक डबीत, डबीभोवती टेप. बाण नळीत, नळी केसमध्ये. केस उघडणारा माणूस आत काय आहे हे न जाणता हात घालतो, आणि ही पाती दाढीच्या ब्लेडइतकी धारदार असतात. कंपाउंडची दोरी काढायची नाही, ती बो प्रेसशिवाय (धनुष्य दाबून धरणाऱ्या यंत्राशिवाय) परत चढत नाही. लिंबचे (धनुष्याच्या लवचिक हातांचे) बोल्ट सैल करणार असाल तर किती वेढे उलटे फिरवले ते चिकटपट्टीवर लिहून रायझरला (मधल्या मुठीच्या भागाला) लावा. साइट (नेम धरायचं साधन) आणि स्टॅबिलायझर (तोल राखणारा दांडा) काढा, साइटच्या खुणेचा फोटो घ्या. रिकर्व्हचे लिंब वेगळ्या पिशवीत. मधल्या जागेत टी-शर्ट भरले तर वजन वाचतं, पण धातूच्या वस्तू एकावर एक रचू नका. एक्स-रेवर नुसता काळा गोळा दिसला की केस उघडणारच.

रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्ये ठेवा, पॉवर बँकही. चेक-इनमध्ये सापडल्या तर तुम्हाला गेटवरून परत बोलावतात. लायटर, गॅसची छोटी टॉर्च, पेट घेणारा गोंद घरी ठेवा.

काउंटरवर विचारायच्या आधीच सांगा, “यात धनुष्य आहे, हे कंपनीचं पत्र.” ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, यंत्राला तसंही दिसणार आहे. केस पट्ट्यावर गेल्यावर लगेच सुरक्षा रांगेत पळू नका, काही वेळ तिथेच थांबा, किल्ली खिशात ठेवा आणि फोन चालू. अमेरिकेला जात असाल तर त्यांच्या यंत्रणेला उघडता येणारं टीएसए कुलूप लावा, नाहीतर तोडतात. आणि अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतरता तिथे केस स्वतः उचलून कस्टममधून नेऊन पुन्हा द्यावी लागते, टॅग पुढच्या गावाचा असला तरी.

परत येताना सामानात शिंग, कातडं, नखं, दात काहीही नको. “तिकडं कायदेशीर मारलंय, कागद आहेत” हा युक्तिवाद इथे कामाचा नाही, वन्य प्राण्यांचे अवयव आणि त्यांच्या वस्तू भारतात आणायला बंदी आहे. वाळवलेलं मांसही तिथेच संपवा. फोटो आणा. उतरल्यावर निर्यात प्रमाणपत्र, बिल आणि पासपोर्ट एकत्र हातात धरूनच कस्टमपुढे जा, प्रमाणपत्राची मूळ प्रत केसमध्ये कुलूपबंद ठेवू नका. मुंबईहून सांबऱ्याच्या विमानात पुन्हा १५ किलोचा हिशेब येतो. तो जमत नसेल तर केस घेऊन रात्रीच्या बसने या, सकाळी बेळगावात.