बेचिराग वाड्या, बदललेले नंबर: मराठवाड्यातलं जुनं रान शोधताना

सातबाऱ्यावर गट नंबर असतो. घरातली म्हातारी माणसं मात्र त्याच रानाला 'आंब्याचं', 'वाडीकडचं' म्हणत आलेली असतात. आंबा कधीच वठला, वाडीही जागेवर नाही. मग नातवंडं विचारतात, नेमकं कुठं होतं आपलं? मराठवाड्यात याचं उत्तर सहज मिळत नाही, कारण इथली दप्तरं निजामाच्या राज्यात तयार झाली.

पहिले सालारजंग निजामाचे दिवाण असताना १८६५ मध्ये जिलाबंदी, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत विभागणी झाली. पुढच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. ३३ फुटांची साखळी, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. या मोजणीतून सर्व्हे नंबर आले, टिपण (शेताच्या मोजणीचा कच्चा आराखडा), गाव नकाशा आणि सेतवार (सर्व्हे नंबरवार जमिनीची नोंदवही) आले. जहागिरीच्या गावांचं दप्तर वेगळं असायचं. जहागिरी १५ ऑगस्ट १९४९ रोजी खालसा झाल्या.

कागद हाती आला की पहिली अडचण सनाची. त्यावर फसली साल, म्हणजे निजाम राज्यातलं महसुली वर्ष असतं. फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून डिसेंबरपर्यंत ५९० आणि जानेवारीपासून ५९१ मिळवले की इसवी सन निघतो. फसली १३५८ म्हणजे १९४८-४९, पोलीस ॲक्शननंतरचं, म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतरचं वर्ष.

दुसरी अडचण लिपीची, कारण निजामाचं दप्तर उर्दूत; आणि माझ्या मते खरी कसोटी इथंच लागते. उर्दूत ऱ्हस्व इकार-उकार बहुधा लिहीत नाहीत. 'प'ला खाली तीन नुक्ते (ठिपके), 'ब'ला एक. घाईच्या लिखाणात नुक्ते गळतात आणि 'पिंपरी'ची 'बंबरी' होते. म्हणून एकट्या नावावर विसंबू नये. त्याच पानावरची शेजारची गावं वाचावीत. ती क्रमानं जुळली, तर पान आपलंच.

तालुका-जिल्ह्याची नावंही तपासावी लागतात. निजामाच्या काळात अंबाजोगाई 'मोमिनाबाद' होती, लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. जालना १९८१ मध्ये वेगळा झाला, लातूर १९८२ मध्ये, हिंगोली १९९९ मध्ये. लातूरच्या माणसानं लातूर जिल्ह्याच्या नावानं शोधलं, तर हाती काही लागायचं नाही.

मग एकत्रीकरण, म्हणजे जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र करणं. तुकडेबंदी-एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा; तो मराठवाड्यात नंतर लागू झाला आणि सर्व्हे नंबरांचे गट झाले. त्यामुळे शोध उलटा न्यावा लागतो: आजच्या गटावरून एकत्रीकरणाच्या उताऱ्यावर, तिथून जुन्या सर्व्हे नंबरावर, मग १९५४-५५ च्या खासरा पत्रकावर (सर्व्हे नंबरवार जमीनधारकांची नोंद), आणि शेवटी सेतवारावर. यातला एक जरी कागद गहाळ असला तरी फेरफार चाळत बसावं लागतं.

वाड्यांचं काय झालं, ते एका शब्दात कळतं: बेचिराग. ज्या मौजात (महसुली गावात) दिवा लागत नाही, ते. पटकी, प्लेग, दुष्काळ, पाणी आटणं, कारण काहीही असो, वस्ती उठायची. पण मौजाचं नाव आणि शिवार महसुली यादीत तसंच राहायचं. आपण बोलताना वापरतो तो 'बेचिराख' याच शब्दाचं बदललेलं रूप. म्हणून वाडी सापडत नाही असं म्हणण्याआधी बेचिराग गावांची यादी जरूर बघावी. जायकवाडीच्या नाथसागरात शंभरावर गावांची जमीन गेली, १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातली गावठाणं हलली. तिथं जुना गाव नकाशा हाच आधार.

२०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागद उघडले गेले. खेडोपाडी लोकांना खासरा, सेतवार हे शब्द माहीत झाले. हैदराबादेत तारनाक्याला असलेल्या अभिलेखागाराचं नाव तेव्हाच अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं.

आमच्या जुन्या नकाशावर शिवेच्या ओढ्याजवळ विहिरीची खूण होती. शेतात विहीर कुठंच नव्हती. उन्हाळ्यात नांगरट झाल्यावर ओढ्यापासून पावलं मोजत गेलो. ढेकळांत खापरांचे तुकडे दिसले, मग काळ्या दगडांची अर्धी गोलाई. चुलते खाली बसले, एका दगडावरची माती हातानं पुसली आणि म्हणाले, "आजी इथूनच पाणी न्यायची म्हणायची."