चांदण्या, अंगठे आणि सी. पी. बेरार

शुक्रवारी सकाळचा पहिला शो सुटायच्या आत सिनेमाचा निकाल फोनवर येऊन पडतो. अडीच चांदण्या, दोन ओळी, विषय संपला. पूर्वी समीक्षा असायची, आता नुसता शेरा उरलाय, अशी तक्रार मग सुरू होते. ती अर्धीच खरी आहे. शेरा समीक्षेइतकाच जुना आहे, थोडा आधीचाच म्हणा.

जुलै १८९६ मध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, तेव्हा टाइम्स ऑफ इंडियात या खेळाला ‘शतकातला चमत्कार’ म्हटलं होतं. पण ती जाहिरात होती. म्हणजे सिनेमाबद्दलचं इथलं अगदी सुरुवातीचं एका ओळीतलं मत खेळ लावणाऱ्यानेच पैसे मोजून छापून घेतलं होतं. आजही काही मतं तशीच छापून येतात, तो भाग वेगळा.

चांदण्यांचा जन्म न्यूयॉर्कचा. ३१ जुलै १९२८ रोजी डेली न्यूजमध्ये आयरीन थायरर यांनी सिनेमांना चांदण्या द्यायला सुरुवात केली. तीन म्हणजे उत्तम, एकही नाही म्हणजे टाकाऊ. चांदण्या हा उथळपणा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी पॅरिसकडे बघावं. सिनेमावर गंभीर लिहिणारं म्हणून ज्या ‘काहिए द्यु सिनेमा’चं नाव घेतात, त्याच मासिकात १९५० च्या दशकात दहा समीक्षकांचा तक्ता छापून यायचा. काळा ठिपका म्हणजे उगाच घराबाहेर पडू नका, चार चांदण्या म्हणजे श्रेष्ठ कलाकृती. पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेल्या त्रुफो, गोदार, रोमेर यांची मतं त्या चौकटींत बसलेली आहेत.

आपल्याकडे एका ओळीत निकाल लावण्याचा मान बाबुराव पटेलांचा. पालघरकडच्या मासवणचा हा माणूस १९३५ पासून मुंबईत ‘फिल्मइंडिया’ चालवत होता. मासिक इंग्रजी, जीभ मात्र अस्सल तिखट. परीक्षण वाचण्याआधी त्याचा मथळाच सिनेमाची उत्तरक्रिया करून मोकळा व्हायचा. निर्माते त्यांना घाबरून असत. पुढे त्यांनी स्वतःही सिनेमे काढले.

नागपुरात या मतांना वेगळंच वजन होतं. त्याचं कारण समीक्षेत सापडत नाही, ते वितरणात आहे. सिनेमाच्या धंद्याने देशाचे जे इलाके पाडले त्यांत नागपूर येतं ‘सी. पी. बेरार’मध्ये, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या नावाच्या इलाक्यात. १९५६ मध्ये नागपूरची राजधानी गेली, विदर्भ आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. धंद्याच्या वहीत मात्र विदर्भ, जबलपूरकडचा भाग आणि छत्तीसगड एकाच खात्यावर राहिले. सरकारने मोडलेला प्रांत सिनेमावाल्यांनी सांभाळला. या इलाक्यातल्या वितरकांची मोठी पेठ होती अमरावती.

प्रिंट मोजक्या असायच्या. रिळांचे डबे आधी मोठ्या शहरांत फिरत, मग खाली उतरत. मुंबईत लागलेला सिनेमा त्याच शुक्रवारी नागपुरात लागेलच याचा भरवसा नसे, तालुक्याच्या गावाने तर महिनोन् महिने वाट पाहावी. मासिकं-साप्ताहिकं मात्र रेल्वेने वेळेवर येत. मुंबईचं ‘स्क्रीन’, ‘फिल्मफेअर’, नाशिकचं ‘रसरंग’. म्हणजे मत आधी पोचायचं आणि सिनेमा मागून. वाचकाच्या हातात वेळ होता, म्हणून लिहिणाऱ्यालाही पानभर लिहिता येत होतं. शहरात वाचणारेही तीन भाषांचे: इंग्रजी हितवादचे, हिंदी नवभारतचे आणि मराठी तरुण भारतचे. एकाच सिनेमावर तीन मतं पचवायची सवय इथे पूर्वीपासून आहे.

वितरकाला मात्र पानभर नको होतं. अभिनय सूक्ष्म आहे की ढोबळ, याच्याशी त्याला काय कर्तव्य? मिनिमम गॅरंटी, म्हणजे निर्मात्याला आधीच द्यायची ठरलेली रक्कम, भरून सिनेमा उचलला तर पैसे निघतील का, एवढंच. त्याच्यासाठी धंद्याची साप्ताहिकं होती आणि त्यांची मोजपट्टी होती सुपरहिट, हिट, अ‍ॅव्हरेज, फ्लॉप. माझ्या मते आजच्या चांदण्यांचं खरं नातं समीक्षेपेक्षा या मोजपट्टीशी जास्त जवळचं आहे. आणि तीही चुकायचीच. १९७५ च्या ऑगस्टमध्ये ‘शोले’ लागला तेव्हा समीक्षक नाराज होते आणि धंद्यानेही पहिल्या दिवसांत तो पडला असंच धरलं होतं.

तिसरं मत टॉकीजच्या दारातलं. सीताबर्डीच्या व्हरायटी चौकाला नावच टॉकीजवरून पडलं, पंचशील चौकाचंही तेच. शो सुटला की बाहेरच्या रांगेतून प्रश्न यायचा, “कसा हाय बे पिक्चर?” उत्तर तीन शब्दांत. “पैसा वसूल हाय” किंवा “बेक्कार हाय, बे”. यापेक्षा आटोपशीर परीक्षण अजून कोणाला लिहिता आलेलं नाही.

अमेरिकेत टीव्हीवर जुने सिनेमे दाखवू लागले तेव्हा हजारो सिनेमांचा एकेका परिच्छेदात निकाल लावणारी जाडजूड पुस्तकं निघाली. लेनर्ड मॉल्टिन यांचं पहिलं १९६९ चं. मग शिकागोच्या सिस्कल आणि ईबर्ट या समीक्षकांचे टीव्हीवरचे अंगठे आले, वर म्हणजे बघा, खाली म्हणजे नको. १९९८ मध्ये समीक्षकांची मतं एकत्र मोजणारी रॉटन टोमॅटोज ही वेबसाइट निघाली. तिथली टक्केवारी आपल्याकडे बहुतेक जण दहावीच्या मार्कांसारखी वाचतात. तसं नाही ते. दहाच्या दहा समीक्षकांना सिनेमा बरा, एकदा पाहण्याजोगा वाटला तरी आकडा शंभर येतो. सिनेमा किती चांगला आहे हे त्यात नसतंच, किती जणांना चालला एवढंच असतं.

नागपूरचा हिशेब बदलला तो २००५ नंतर. यूएफओसारख्या कंपन्यांनी उपग्रहावरून सिनेमा पोचवायला सुरुवात केली, हळूहळू रिळांचे डबे गेले, आणि मुंबईच्याच शुक्रवारी सिनेमा इथेही लागू लागला. मत आणि सिनेमा यांच्यातलं अंतर मिटलं. वाचायला वेळ नाही म्हटल्यावर लिहिणारा आखडता हात घेणारच. मराठी दैनिकांतही मग परीक्षणाच्या डोक्यावर चांदण्या बसल्या.

याचा सगळ्यात मोठा फटका किंवा फायदा होतो मराठी सिनेमाला. हिंदीचा जोर असलेल्या या शहरात त्याच्या वाट्याला शो मुळात थोडे, वेळाही अडनिड्या. शनिवार-रविवारी खुर्च्या भरल्या नाहीत तर सोमवारी शो निघतो. मोठ्या हिंदी सिनेमाला दीड चांदणी मिळाली तरी त्याचा आठवडा निघून जातो. मराठीला शुक्रवारी रात्रीपर्यंत कोणीतरी “जा, बघून ये” म्हणावं लागतं.