बोटीचं मशीन (आउटबोर्ड इंजिन) स्टार्ट घेत नाहीये? आम्हाला फोन करायच्या आधी एवढं बघा

नाखवा आणि टुरिस्ट बोटवाले दादा, ३१ जुलैला पावसाळी मासेमारी बंदी संपली की आमच्या वर्कशॉपचा फोन खाली ठेवता येत नाही, आणि सगळ्यांचं एकच, मे महिन्यात मस्त चालत होतं हो, आता रस्सी ओढून ओढून खांदा निखळला तरी घेत नाही. आम्ही येतो की, पण जेट्टीवर येऊन नुसती क्लिप बसवून व्हिजिट चार्ज घ्यायला आम्हालाच कसंतरी वाटतं, म्हणून हे पत्रक.

पाण्यात असताना बंद पडलं तर आधी नांगर टाका, मगच मशीनचं कव्हर काढा. वाहत वाहत खडकाकडे चाललात तर कोस्ट गार्डचा १५५४ लावा, उगाच लाजू नका.

आता मशीन बंद करायच्या बटणाला अडकवायची ती लाल दोरीवाली क्लिप. ती निघालेली असेल तर काही केलं तरी मशीन चालू होणार नाही. गिअर न्यूट्रलला आहे का? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल केला का? तो बंद राहिला तर मशीन पाचेक मिनिटं चालतं आणि मग गप्प होतं. पाइपातला रबरी पंप बाण मशीनच्या दिशेला ठेवून कडक होईपर्यंत दाबा, कडक होतच नसेल तर पाइप कुठेतरी हवा खातोय किंवा पंपाचा व्हॉल्व्ह गेलाय.

एवढं करूनही नाही तर शंका पेट्रोलवर घ्या. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं, त्यात अर्धी टाकी पावसाळाभर पडून, मग काय होणार! थोडं पारदर्शक बाटलीत काढून ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी आहे, सगळं पेट्रोल काढा, कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून तीपण रिकामी करा. (विडी लांब ठेवून.) टू-स्ट्रोकला ऑइल जास्त घातलं की मशीन खूश हा गैरसमज आहे, प्लग काळा होतो. पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिलीच.

रॉकेलवरचं मशीन असेल तर बंद करायच्या आधी थोडा वेळ पेट्रोलवर चालवायचं, नाहीतर कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहतं आणि सकाळी थंड मशीन त्यावर उठत नाही. हे आम्ही दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी विसरलं जातं.

चोक ओढून खूप खेचलं आणि पेट्रोलचा वास सुटला तर प्लग ओला झालाय. आधी क्लिप काढा, प्लग काढून पुसा, प्लग बाहेर ठेवूनच चार वेळा रस्सी ओढा, मग प्लग आणि क्लिप बसवून चोक न लावता बघा.

सेल्फवालं मशीन नुसतं टक्क करत असेल तर बॅटरीची टर्मिनल घासा, खाऱ्या हवेत हिरवी बुरशी चढतेच. फुल चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते.

चालू झालं की मागची पाण्याची धार बघा, धार नसेल तर लगेच बंद करा. आणि मशीन समुद्रात बुडालं असेल तर आमची वाट बघत तसंच ठेवू नका, गोड्या पाण्याने धुवा, स्टार्ट मारू नका, आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा.