थेट विचारायला शिकू या

सोयाबीनचा भाव पडला, की गावात कोण गप्प झालंय हे डॉक्टरच्या आधी शेजाऱ्याला कळतं. उधारीवर बियाणं देणाऱ्या कृषी सेवा केंद्रवाल्याला कळतं, बचत गटातल्या बायांना कळतं, आशाताईंना तर हमखास. पारावर यायचा बंद झालेला, 'माझ्यामागं पोरांकडं बघा' असं सहज बोलून जाणारा माणूस त्यांच्या नजरेसमोरच असतो. मनात आत्महत्येचा विचार आहे का हे कसं विचारायचं आणि पुढं काय बोलायचं, हे मात्र त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. ते शिकवता येतं, आणि मराठवाड्यात ते गावोगाव शिकवलं जायला हवं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल क्विनेट यांनी १९९५ मध्ये सामान्य माणसांसाठी तीन पायऱ्यांची पद्धत मांडली: विचारा, मदत घ्यायला राजी करा, मदतीपर्यंत पोहोचवा. अवघड असते ती पहिली पायरी. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती बहुतेकांना वाटते. २०१४ मध्ये यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. विचारल्यामुळं आत्महत्येचे विचार वाढल्याचं त्यात आढळलं नाही.

म्हणून प्रशिक्षणात ते वाक्य मोठ्यानं म्हणायचा सराव करावा लागतो. दोघं समोरासमोर बसतात. 'तुम्ही काही वेडंवाकडं करणार नाही ना?' हे आपल्या तोंडी पटकन येतं, पण त्यात 'नाही'ची अपेक्षा आधीच दडलेली आहे. समोरचा मान हलवतो आणि विषय संपतो. त्याऐवजी: 'भाऊ, लई दिवस झाले, तुमचं जेवणाखाण्यात लक्ष नाही. जीव द्यावा असं मनात येतं का?' आणि मग गप्प बसायचं. ही शांतता सोसणं फार कठीण जातं. 'धीर धरा', 'लेकराबाळांकडं बघा' हे ओठांवर येतंच. तेवढं गिळायचं आणि ऐकायचं.

उत्तर 'हो' आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही. घरातलं फवारणीचं औषध भाऊबंदांकडं कुलपात ठेवायला द्यायचं. टोकाची घडी अनेकदा थोडाच वेळ टिकते, त्या वेळात विष हाताशी नसलं तर जीव वाचू शकतो. श्रीलंकेनं अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली, त्यानंतर १९९५ ते २०१५ या काळात तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो. नुसता नंबर देऊन निघू नये. आपल्याच फोनवरून लावून द्यावा, जिल्हा रुग्णालयात सोबत जावं.

शेजारच्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत, गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना घेऊन नैराश्य ओळखायचं आणि माणसाला मदतीपर्यंत पोहोचवायचं काम झालं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले.

भाव, पाणी, सावकार हे प्रश्न प्रशिक्षणानं सुटत नाहीत, त्यासाठीचं भांडण चालूच राहील. आणि एका दिवसाचं शिबिर पुरतही नाही: शिकलेलं काही महिन्यांत विरतं, असं अभ्यासांत दिसलंय. उजळणी दरवर्षी हवी, पेरणीच्या आधी एकदा आणि माल बाजारात जाताना एकदा.