आवाज फाटला तर फेडर नाही, गेन बघा
(वापरलेला मल्टिट्रॅक रेकॉर्डर, म्हणजे प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेणारं मशीन, घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या ग्राहकांसाठी)

"फेडर ते खाले व्हता ना भाऊ, मंग आवाज कसा फाटना?"

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली, श्रावणात कानबाईची गाणी सुरू झाली की दुकानात हा प्रश्न रोजचा. शिरपूरहून, रावेरहून माणूस बसचं भाडं खर्चून रेकॉर्डरचं मेमरी कार्ड घेऊन येतो, आम्ही ट्रॅक लावतो आणि पहिल्याच अंतऱ्यात गळा करकरायला लागतो. मग अर्धा तास समजावण्यात जातो, त्यांचाही आणि आमचाही. म्हणून हा कागद.

मशीनवर आवाज कमी-जास्त करायच्या जागा दोन. माइकची पिन जिथे लावता तिथला छोटा नॉब म्हणजे गेन. कार्डावर आवाज किती जोरात उतरणार ते हा ठरवतो. खालचा सरकता फेडर रेकॉर्डिंगच्या वेळी फक्त तुमच्या हेडफोनमध्ये किती येणार तेवढंच बघतो. झूम कंपनीच्या आर-१६ या रेकॉर्डरवर हे असंच आहे आणि बहुतेक मशीनवरही असंच असतं. गेन पूर्ण फिरवून फेडर खाली घेतला, तर कानाला सगळं गोड लागतं आणि कार्डावर मात्र फाटलेलं उतरतं. घरी ऐकताना पत्ता लागत नाही, मिक्सिंगला, म्हणजे सगळे ट्रॅक जुळवून एक गाणं करायला, बसल्यावर लागतो.

सवय कॅसेटची आणि मंडपातल्या मिक्सरची आहे. कॅसेटवर मीटरची सुई थोडी लालमध्ये गेली तरी टेप ते पोटात घ्यायची, उलट आवाज जरा भरदार वाटायचा. डिजिटलमध्ये शून्य डेसिबलच्या वर काहीच नाही. त्याच्या वर जाणारी लाट तिथल्या तिथे छाटली जाते. कॉम्प्युटरवर तो ट्रॅक उघडला की कणसं खुडून नेलेल्या बाजरीच्या शेतासारखा वरून सपाट दिसतो.

लेव्हल लावायची ती अशी. गायकाला मुखडा गायला लावू नका, मुखडा सगळेच सांभाळून गातात. अंतऱ्यातली सगळ्यात उंच जागा गायला सांगा, तीही उभं राहून, खऱ्या जोरात. त्या जागेला मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन ठेवा. पीकचा लाल दिवा एकदाही लागता कामा नये. ढोलकी आणि डफवाल्यांना तर चाचणीत शेवटचा तोडाच वाजवायला लावा. "आधी हळू वाजवतो, मग वाढवतो" म्हणणारा डफवाला रंगात आला की दुप्पट जोरात वाजवतो, हे आम्ही वही (डफावरचं लोकगायन) गाणाऱ्या मंडळींबरोबर नेहमी पाहतो. गेन अगदी कमी करूनही दिवा लागत असेल तर माइक हातभर मागे घ्या.

आवाज बारीक राहील ही भीती नको. मशीनवर सोय असेल तर सुरुवातीलाच २४ बिट निवडा. १६ बिटमध्ये सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर कागदोपत्री ९६ डेसिबल, २४ बिटमध्ये १४४. एवढी जागा असताना कमी लेव्हलचा ट्रॅक मागून वाढवता येतो. कार्डावरच्या जागेचीही काळजी नको. एका ट्रॅकला मिनिटाला साधारण ८ एमबी, म्हणजे ५ मिनिटांचं ८ ट्रॅकचं गाणं ३२० एमबीत बसतं. वाढवल्यावर खोलीतला पंखा आणि कूलरही वाढतो, ते मात्र खरं. मे महिन्यात कूलर बंद करायला सांगणं जिवावर येतं, पण रेकॉर्डिंगपुरता बंद कराच.

फाटलेला ट्रॅक आम्ही मिक्सिंगला घेत नाही, यावर काहींचा राग आहे. "दुसरीकडे सॉफ्टवेअरने करून देतात" असं ऐकवलं जातं. सॉफ्टवेअर छाटलेली टोकं अंदाजाने परत काढतं. एखादी थाप, एखादा शब्द निभावतो. अख्खं गाणं निभावत नाही, आणि खाली नाव आमच्या दुकानाचं लागतं. मात्र पूर्ण गाणं गाण्याआधी एक कडवं रेकॉर्ड करून कार्ड दाखवायला आणलंत तर ऐकून सांगायचे पैसे घेत नाही.

बाकीचे प्रश्न थोडक्यात. ८ ट्रॅकचं मशीन म्हणजे ८ माइक एका वेळी, असं नाही. टॅस्कॅम कंपनीच्या डीपी-००८ईएक्सवर एका वेळी दोनच ट्रॅक रेकॉर्ड होतात, आर-१६ वर आठ. पूर्ण मंडळ एकत्र बसवायचं असेल तर घेण्याआधी सांगा. आर-१६ ला कंडेन्सर माइक ५ किंवा ६ नंबरलाच लावा, फँटम, म्हणजे त्या माइकला लागणारी वीज, तिथेच आहे. १ नंबरला लावून "मशीन मेलं" म्हणून परत आणू नका. टॅस्कॅमचं कार्ड कॉम्प्युटरला रिकामं दिसलं तर फॉरमॅट करू नका. गाणं कार्डाच्या वेगळ्या भागात असतं, आधी मशीनवरून एक्सपोर्ट करावं लागतं.

आर-१६ चा अडॅप्टर ५ व्होल्टचा आहे. गिटार पेडलचा ९ व्होल्टचा लावून जळालेलं मशीन आमच्या तीन महिन्यांच्या हमीत बसत नाही. लाइटचा भरवसा नसेल तिथे सहा पेन्सिल सेल टाकून रेकॉर्ड करा.

ऑनलाइन जुनं मशीन आमच्यापेक्षा स्वस्त मिळतं, मान्य. आम्ही फेडरमधली धूळ काढतो, प्रत्येक इनपुटला माइक लावून बघतो, नवं कार्ड देतो आणि विकतानाच तुमच्या माइकवर तुमच्या गळ्याची लेव्हल लावून दाखवतो. रोलँड व्हीएस-८८० सारखी १९९० च्या दशकातली हार्डडिस्कवाली मशीन आम्ही ठेवतच नाही. डिस्क कधी बसेल सांगता येत नाही.

मशीन घ्यायला येताना रोजचा माइक आणि हेडफोन बरोबर आणा. मिक्सिंगला येताना मशीनसकट या, नुसतं कार्ड नको. आखाजीच्या आणि श्रावणाच्या तोंडावर गर्दी असते, तेव्हाचं काम महिनाभर आधी नोंदवलेलं बरं.