गुडघ्यावरचा धोतरा

खानदेशात गुडघा धरला की कुणीतरी हमखास सुचवतं: धोतऱ्याच्या पानाला तेल चोपडा, तव्यावर गरम करा अन् बांधा. पानं फुकटच. कापसाच्या वावरात, बांधावर, उकिरड्याशेजारी धोतरा आपोआप उगवतो. एरवी तो महाशिवरात्रीलाच आठवतो.

उपाय अगदीच भाकड नाही, पण माझ्या मते आराम पडतो त्यात शेकाचा वाटा मोठा. धोतऱ्यात ॲट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन असतं. ही द्रव्यं मज्जातंतूंचे निरोप नेणाऱ्या ॲसिटिलकोलीनची वाट अडवतात. त्यामुळे पोटातली कळ सैल पडते, लाळ आटते, आणि स्कोपोलामिनमुळे गुंगी येते. जपानी शल्यवैद्य हानाओका सेइशू यांनी १८०४ साली धोतरा आणि बचनागाच्या जातीची मुळी असलेला काढा पाजून स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. ईथरची भूल यायला तेव्हा चार दशकं अवकाश होता. काढ्याच्या चाचण्यांत त्यांच्या पत्नीची दृष्टी गेली, असं सांगतात.

पानं चुरलेला हात डोळ्याला लागला तरी बाहुली मोठी होते, जवळचं धूसर दिसतं. धोतरा पोटात गेला तर प्रकरण गंभीर. तोंडाला कोरड, अंग तापलेलं, नाडी धावती, लघवी अडलेली. माणूस हवेतून नसलेल्या वस्तू वेचतो. ही झोप नव्हे, भ्रम आहे. आतडी मंदावल्याने बिया आतच राहतात आणि हे दोन-दोन दिवस चालतं. शिवाय झाडागणिक, ऋतूगणिक विषाचं प्रमाण बदलतं, त्यामुळे ‘चार बियांनी काय होतंय’ या हिशेबाला अर्थ नाही. आणि गुडघे दुखायचं वय तेच काचबिंदूचं अन् प्रोस्टेटचं. या दोन्हींत धोतरा जास्तच बाधतो. आयुर्वेदानेही त्याला उपविषांत घातलंय, शोधनाशिवाय, म्हणजे विष उतरवण्याच्या प्रक्रियेशिवाय, तो वापरत नाहीत.

गंमत म्हणजे कापसावर फवारताना ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशक बाधलं, तर दवाखान्यात ॲट्रोपिनच टोचतात. तिथे ॲसिटिलकोलीन साचून लाळ गळते, छाती पाण्याने भरते. पण म्हणून काही घरी धोतऱ्याचा रस पाजायचा नाही, त्याला मापच नसतं. ॲट्रोपिनच्या एका ॲम्प्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं. छातीतली घरघर थांबेपर्यंत डॉक्टर ते पुन्हापुन्हा देतात, आणि पेशंट बरळायला, हवेत हात मारायला लागला की डोस जास्त झाल्याचं ओळखून हात आखडता घेतात.