बॅक्टेरिओसिने

जिवाणूंनी स्वतः तयार केलेली आणि दुसऱ्या जिवाणूंना मारणारी किंवा त्यांची वाढ रोखणारी पेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) व प्रथिने. आतड्यात वस्तीला असलेल्या अनेक उपकारक जिवाणूंकडे ती बनवण्याची जनुके असतात. इतर प्रथिनांप्रमाणे ती रायबोसोमवर, म्हणजे पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेवर, घडतात. पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके तशी घडत नाहीत. रुग्णाच्या दृष्टीने मात्र दुसरा फरक अधिक मोलाचा. निसिनसारखी काही सोडली, तर बहुतेक बॅक्टेरिओसिने जवळच्या भाऊबंदांवरच चालतात आणि आतड्यातल्या बाकीच्या वस्तीला धक्का लावत नाहीत.

बेल्जियमचे आंद्रे ग्राशिया यांनी १९२५ मध्ये ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा एक वाण (एकाच जातीतला उपप्रकार) दुसऱ्या वाणाला मारतो हे दाखवले. त्या द्रव्याला पुढे कोलिसिन हे नाव पडले. सर्वांत जास्त अभ्यास झाला तो निसिनचा. दुधात वाढणारा लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा जिवाणू हे ३४ अमिनो आम्लांचे पेप्टाइड बनवतो. जिवाणूची पेशीभित्तिका रचताना लिपिड-२ हा रेणू विटा वाहून आणण्याचे काम करतो. निसिन त्यालाच धरून ठेवते, त्यामुळे बांधकाम थांबते. शिवाय पेशीच्या पटलाला भोके पडून पेशीतला ऐवज बाहेर झिरपतो. निसिन बनवणारा जिवाणू स्वतः वाचतो, कारण त्याच्याकडे संरक्षक प्रथिने असतात.

हे डोळ्यांनी पाहता येते. घरच्या दह्यातले जिवाणू वेगळे करून द्रव माध्यमात रात्रभर वाढवतात, पेशी खाली बसवून वरची निवळ घेतात. अगरच्या थाळीवर चाचणीचा जिवाणू पसरून छिद्रे पाडतात आणि त्यांत ही निवळ भरतात. दुसऱ्या दिवशी दुधट थाळीत एखाद्या छिद्राभोवती काचेसारखे स्वच्छ वलय दिसले की कोणाही विद्यार्थ्याला आनंद होतो, आणि व्हायलाच हवा. पण ते वलय नुसत्या लॅक्टिक आम्लाचेही असू शकते. म्हणून निवळीचा सामू ७ वर आणून प्रयोग पुन्हा करतात. तरीही वलय टिकले, आणि ट्रिप्सिनसारखे प्रथिने पचवणारे विकर मिसळल्यावर नाहीसे झाले, तर बॅक्टेरिओसिनचा संशय बळावतो.

हीच विकरे आपल्या लहान आतड्यातही असतात. त्यामुळे तोंडावाटे घेतलेली यांतली बरीच पेप्टाइडे वाटेतच पचून जातात; जिवाणूने ती जागेवर बनवण्याचे महत्त्व त्यातूनच येते. आयर्लंडमधील कॉर्कच्या संशोधकांनी २००७ मध्ये याचा नेटका पुरावा दिला. लॅक्टोबॅसिलस सॅलिव्हेरियस या जिवाणूच्या एका वाणाने उंदरांना लिस्टेरिया या रोगकारक जिवाणूच्या संसर्गापासून वाचवले. त्याच वाणाचे बॅक्टेरिओसिन बनवणारे जनुक निकामी केल्यावर ते संरक्षण उरले नाही.

मुंबईचाही या विषयाशी संबंध आहे, तो परळमध्ये. राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने ‘कॅम्प’ हा सूक्ष्मजीवरोधक पेप्टाइडांचा माहितीसंच उभारून २०१० मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढेही वाढवत नेला. प्राणी, वनस्पती, जिवाणू अशा सर्व स्रोतांतली पेप्टाइडे त्यात आहेत आणि एखादा नवा अमिनो आम्लक्रम तसा गुण दाखवेल का, याचा अंदाज बांधण्याची सोयही आहे. जगभरच्या प्रयोगशाळा वापरू शकतील असे हे काम परळमध्ये झाले, हे मुंबईकरांना फारसे माहीत नसते. माहीत असायला हवे.

शहरातले डॉक्टर अँटिबायोटिकसोबत ‘पोट बिघडू नये म्हणून’ प्रोबायोटिकची कॅप्सूल लिहून देतात. तिच्यात बॅक्टेरिओसिन बनवणारा जिवाणू असेलच असे नाही. हा गुण जातीचा नसून वाणाचा असतो: एकाच नावाच्या दोन जिवाणूंपैकी एक बनवतो, दुसरा नाही. काही कॅप्सूलींत असणारे सॅकरोमायसिस बोलार्डी तर यीस्ट आहे, जिवाणू नव्हेच. घरच्या विरजणाचेही तेच. दोन शेजारच्या घरांतले दही चवीला सारखे लागले, तरी त्यांतले वाण वेगळे असू शकतात.

अँटिबायोटिकनंतर जुलाब लावणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूवर थुरिसिन सीडी हे बॅक्टेरिओसिन नेमके चालते. माणसाच्या विष्ठेतून मिळालेल्या एका बॅसिलसचे हे दोन पेप्टाइडांचे बॅक्टेरिओसिन २०१० मध्ये जाहीर झाले. ते पोटातून अखंड पुढे कसे न्यायचे, हा प्रश्न मात्र अजून सुटायचा आहे.